सात नावे आणि एक घड्याळ

एडिंबरो शहराच्या पश्चिम अंगाला हेमार्केट नावाचा एक वर्दळीचा चौक आहे. शेजारी रेल्वेचे स्थानक, समोरून ट्रामचे रूळ आणि कामावर जाणाऱ्या-येणाऱ्यांची न संपणारी रीघ. या गर्दीत एक दगडी स्तंभ उभा आहे आणि त्याच्या माथ्यावर घड्याळ. येणारा-जाणारा मान वर करून वेळ पाहतो आणि पुढे चालू लागतो. हे घड्याळ एका फुटबॉल क्लबाने पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या आपल्या खेळाडूंच्या आणि सभासदांच्या स्मरणार्थ बांधून शहराला दिले, ही गोष्ट परक्या माणसाच्या लक्षात यायला थोडे थांबावे लागते. चौकातून पुढे गेलेला रस्ता गॉर्गी या कामकऱ्यांच्या वस्तीकडे जातो. तेथे टाइनकॅसल हे त्या क्लबाचे मैदान आहे.

क्लबाचे नाव हार्ट ऑफ मिडलोथियन. लोकांच्या तोंडी नुसते ‘हार्ट्‌स’. स्थापना १८७४ ची. मिडलोथियनचे हृदय हे मुळात एडिंबरोच्या जुन्या तुरुंगाचे टोपणनाव. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची चर्चा निघाली की ज्यांचे नाव हटकून निघते, त्या सर वॉल्टर स्कॉट यांनी १८१८ साली आपल्या एका कादंबरीला तेच नाव दिले आणि ते शहरभर झाले. तुरुंग त्याआधीच पाडला गेला होता. त्याच्या जागी रस्त्यात दगडांनी हृदयाची आकृती रेखलेली आहे, आणि तिच्यावर थुंकून पुढे जाण्याची तेथे जुनी रीत आहे. ज्या नावावर शहर थुंकते तेच नाव छातीवर मिरविणारा हा संघ. १९१४ च्या हिवाळ्यात त्याच्या वाट्याला जे आले, त्याची ही जणू आगाऊ सूचनाच होती.

त्या वर्षी हार्ट्‌सचे दिवस फार चांगले होते. व्यवस्थापक जॉन मॅकार्टनी यांनी तरुण खेळाडूंचा एक संघ मोठ्या हिकमतीने बांधला होता. मैदानावर नवी प्रेक्षागृहाची इमारत उठत होती. फेब्रुवारीत पर्सी डॉसन या आघाडीच्या खेळाडूला ब्लॅकबर्न रोव्हर्सने २,५०० पौंड मोजून नेले होते. एका फुटबॉलपटूसाठी एवढी रक्कम तोवर कोणी दिली नव्हती. ४ ऑगस्टला ब्रिटनने युद्ध पुकारले. १५ ऑगस्टला हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच सामन्यात हार्ट्‌सने गतविजेत्या सेल्टिकला दोन-शून्य असे हरविले. त्यानंतर विजयांची माळ लागली. नोव्हेंबर उजाडला तेव्हा स्कॉटिश लीगमध्ये त्यांच्या पुढे कोणी नव्हते.

नेमके हेच त्यांना भोवले. फ्रान्समध्ये माणसे मरत असताना धडधाकट तरुण पैसे घेऊन चेंडू लाथाडतात आणि हजारो तितकेच धडधाकट तरुण ते पाहत उभे राहतात, हा ओरडा शरदऋतूपासून वाढत चालला होता. मद्यपानबंदीच्या चळवळीतून नाव कमावलेले लंडनचे चॅरिंग्टन यांनी तर फुटबॉल बंद करण्याचा विडाच उचलला होता. नोव्हेंबरच्या मध्यास एडिंबरोच्या एका सायंदैनिकात पत्र छापून आले. लिहिणारीने आपले नाव न देता आपण सैनिकाची मुलगी असल्याचे तेवढे सांगितले होते, आणि हार्ट्‌सने तूर्त ‘मिडलोथियनची पांढरी पिसे’ हे नाव घ्यावे असे सुचविले होते. पांढरे पीस म्हणजे भेकडपणाची खूण. भरती न झालेल्या तरुणाला बायकांनी भर रस्त्यात ते नेऊन द्यावे, अशी एक मोहीमच त्या वर्षी तेथे निघाली होती. आपल्या भाषेत सांगायचे तर हा बांगड्यांचा आहेर.

या निंदेत देशप्रेमाबरोबर आणखीही काही मिसळलेले होते. शर्यती चालू होत्या, नाट्यगृहे चालू होती, मद्याच्या गुत्त्यांना तर सुटीच नव्हती. तरी बोट रोखले गेले ते फुटबॉलवर. रग्बी हा शाळा-विद्यापीठांतून शिकलेल्या, वेतन न घेता खेळणाऱ्यांचा खेळ. त्याचे सामने ताबडतोब थांबले आणि त्याचे कौतुक झाले. फुटबॉलपटू मात्र कराराने बांधलेला पगारी माणूस होता. खेळ थांबला तर त्याच्या घरची चूल थांबणार होती. ज्यांना खेळ सोडणे परवडत होते त्यांनी तो सोडला आणि ज्यांना परवडत नव्हते त्यांना भेकड ठरविले, असे म्हटले तर फारसा अन्याय होणार नाही. शिवाय हार्ट्‌सचे दोन खेळाडू राखीव फौजेत असल्याने ऑगस्टमध्येच पलटणीत परत गेले होते, आणि जेम्स स्पीडी हा तिसरा आपण होऊन कॅमेरॉन हायलँडर्समध्ये दाखल झाला होता. पत्रे लिहिणाऱ्यांनी हे हिशेबात धरले नाही.

या सुमारास सर जॉर्ज मॅक्रे पुढे आले. कापडाच्या व गणवेशाच्या धंद्यात स्वतःच्या बळावर वर आलेला, शहराचे पार्लमेंटात प्रतिनिधित्व केलेला, पन्नाशी ओलांडलेला हा गृहस्थ. आपण एक नवी पलटण उभारू आणि तिच्याबरोबर स्वतः रणांगणावर जाऊ, असे त्यांनी जाहीर केले. २५ नोव्हेंबर १९१४ रोजी हार्ट्‌सचे अकरा खेळाडू त्यांच्याकडे भरती झाले. मैदानात एका वेळी उतरतात तितकेच. लगोलग पॅट क्रॉसन आणि जेम्स बॉइड हे दोघे आले. आधी गेलेले तीन धरले तर सोळा. लीगच्या शिखरावर असलेल्या संघाने हंगामाच्या मध्यावर असे उठून जाणे ही साधी घटना नव्हती, आणि तिचा परिणामही साधा झाला नाही. काही दिवसांतच हजारावर माणसे मॅक्रे यांच्याकडे जमा झाली. त्यांत हार्ट्‌सचे सुमारे पाचशे पाठीराखे होते. जन्माचे वैर असलेल्या हिबर्नियन क्लबाचे सुमारे दीडशे होते. रेथ रोव्हर्स, फॉल्कर्क, डनफर्मलिन अशा आणि गल्लीबोळांतल्या सुमारे पंचाहत्तर क्लबांची माणसे होती. पलटणीचे सरकारी नाव सोळावी रॉयल स्कॉट्स. लोक तिला मॅक्रेची पलटण म्हणत. इंग्लंडमधील फुटबॉलपटूंची पलटण यानंतर डिसेंबरात, लंडनच्या फुलहॅम भागात झालेल्या सभेत उभी राहिली.

यांना स्वयंसेवक म्हणावे काय? सक्तीच्या भरतीचा कायदा ब्रिटनमध्ये जानेवारी १९१६ मध्ये झाला, तेव्हा कायद्याच्या भाषेत ते स्वयंसेवकच होत. पण ज्याच्या नावाने रोज सायंकाळी वर्तमानपत्रात बांगड्या भरल्या जात आहेत, त्याच्या स्वेच्छेचे वजन करताना तराजू जरा थरथरतो. पुढे स्मारके झाली, भाषणे झाली, पुष्पचक्रे वाहिली गेली. त्या सर्वांत या मुलांच्या धैर्याचा गौरव आहे आणि तो यथार्थ आहे. ते अनामिक पत्र मात्र बहुधा प्रास्ताविकापुरते येते, आणि या गौरवामुळे त्या पत्राची परतफेड झाली असे वाचकाला वाटू लागते. मला ही परतफेड मान्य करणे जड जाते.

भरती झाली तरी सामने चालूच राहिले. पलटण अजून शहरातच होती. मुले आठवडाभर कवायत करीत, रात्रीच्या लांब कूचांत पाय फोडून घेत, रोगप्रतिबंधक लसी टोचून घेत आणि शनिवारी टाइनकॅसलवर उतरत. हंगामाचा बहुतेक काळ त्यांनी आघाडी टिकविली. एप्रिलमध्ये मात्र पाय जड झाले. ग्रीनॉकला मॉर्टनने हरविले, मग सेंट मिरनने. शेवटी सेल्टिकचे ६५ गुण झाले, हार्ट्‌सचे ६१. चार गुणांनी विजेतेपद गेले. सेल्टिकच्या खेळाडूंकडे यासाठी बोट दाखविण्याचा मोह आजही काहींना होतो, परंतु तो टाळलेला बरा. त्यांनी कोणताही नियम मोडला नव्हता आणि नीट खेळल्याबद्दल कोणाला दोषी धरता येत नाही.

त्या हंगामात टॉम ग्रेसी याने २९ गोल केले. लिव्हरपूलहून आलेला हा आघाडीचा खेळाडू त्या वर्षी स्कॉटलंडमधील सर्वाधिक गोल करणाऱ्यांत होता. मार्च १९१५ मध्ये त्याला रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले. तरी तो खेळत राहिला आणि पलटणीतही राहिला. २३ ऑक्टोबर १९१५ रोजी ग्लासगोच्या इस्पितळात त्याला मृत्यू आला. युद्धभूमी त्याने पाहिलीच नाही.

त्याच्या आधी महिनाभर, २५ सप्टेंबरला, लूसच्या लढाईत जेम्स स्पीडी पडला होता. त्याच दिवशी लूसच्या उत्तरेला मीरत डिव्हिजनच्या हिंदी पलटणीही जर्मन खंदकांवर चालून गेल्या होत्या. या शेजाराकडे पुढे वळायचे आहे.

मॅक्रेची पलटण १९१६ च्या आरंभी फ्रान्सला पोहोचली. १ जुलै १९१६ च्या सकाळी साडेसातला सोमची लढाई सुरू झाली तेव्हा ती ला ब्वासेल गावाजवळ होती, आणि काँतालमेझाँ हे पुढचे खेडे गाठण्याचे काम तिच्याकडे होते. दोन मिनिटे आधी मोठा सुरुंग उडाला. चढणीच्या उघड्या रानातून माणसे चालत निघाली आणि दोन्ही बाजूंनी मशीनगनांचा मारा सुरू झाला. त्या दिवशी ब्रिटिश फौजेचे ५७,४७० लोक जायबंदी, बेपत्ता अथवा ठार झाले. पैकी १९,२४० मेले. मॅक्रेची पलटण ज्या चौतिसाव्या डिव्हिजनमध्ये होती, तिची हानी सहा हजारांवर, म्हणजे त्या दिवशीची सर्वांत मोठी. तशातही पलटणीतले काही जण काँतालमेझाँच्या वेशीपर्यंत पोहोचले. त्या सकाळी शत्रूच्या मुलखात इतके खोल दुसरे कोणी शिरले नव्हते, असे पलटणीचे इतिहासकार जॅक अलेक्झांडर सांगतात.

डंकन करी, अर्नेस्ट एलिस आणि हॅरी वॉटी हे तिघे त्या सकाळी गेले. करी बचावफळीतला. वॉटी एडिंबरोचाच, आघाडीला ग्रेसीच्या जोडीने खेळणारा. तिघांचीही ज्ञात थडगी नाहीत. त्यांची नावे तिएपव्हालच्या प्रचंड कमानीवर, ज्यांचे देह सापडले नाहीत अशा बहात्तर हजारांवर लोकांच्या नावांत कोरलेली आहेत. ३ ऑगस्टला जेम्स बॉइड गेला. पुढल्या वर्षी २२ एप्रिल १९१७ रोजी अरासच्या आघाडीवर जॉन अॅलन. बॉइड आणि अॅलन हे पहिल्या संघातले मोठे मोहरे नव्हते. आजमितीस गॉर्गीत मात्र सातही नावे एका दमात सांगणारे लोक भेटतात.

स्पीडी, ग्रेसी, करी, एलिस, वॉटी, बॉइड, अॅलन. सात. हा आकडा आता इतका रूढ झाला आहे की तो कसा ठरला हे कोणी विचारीत नाही. ग्रेसी आजाराने, आपल्या देशात, खाटेवर गेला. तो यादीत आहे, आणि असावा. आजारी देहाने त्याने कवायत केली होती. पण मग अल्फी ब्रिग्ज? १ जुलैला गोळ्यांनी तो असा चाळणला की जिवंत परतला तरी पुन्हा मैदानात उतरला नाही. बॉब मर्सर हा संघाचा मध्यरक्षक. तोफखान्यात गेला, १९१८ मध्ये विषारी वायू छातीत घेऊन परतला आणि १९२६ साली सेलकर्क येथे एका सामन्यात खेळता खेळता कोसळून मेला. पॅट क्रॉसन, एडिंबरोचा लाडका आणि देखणा फुलबॅक, जखमी झाला, त्याच्याही फुप्फुसांत वायू गेला. परतून तो पुन्हा हार्ट्‌सकडून खेळला, रोझ स्ट्रीटवर त्याने मद्यगृह काढले, आणि १९३३ च्या एप्रिलमध्ये क्षयाने, चाळिशी गाठण्यापूर्वी वारला. यांना युद्धाने मारले नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? यादीला कोठेतरी रेघ मारावी लागते, हे खरे. सरकारला तारीख लागते, शिल्पकाराला अक्षरांची संख्या लागते. मात्र ती रेघ दप्तराची सोय आहे, इतके ध्यानात ठेवून तिच्याकडे पाहिले पाहिजे. मरण तिच्या अलीकडे-पलीकडे सारखेच पसरलेले होते.

या ठिकाणी मराठी वाचकाला स्वतःच्या मुलखाची आठवण होणे स्वाभाविक आहे. एडिंबरोत प्रश्न पडतो तो यादीत कोणाची नावे बसली आणि कोणाची राहिली हा. आपल्याकडे तर यादीच नसते. युद्ध संपल्यावर सरकारने हिंदुस्थानातील कित्येक गावांत लहान शिलापट्ट्या बसविल्या. या गावातून इतके पुरुष महायुद्धाला गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. दोन आकडे. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव घराघरांतून फौजेत माणूस देणारे म्हणून प्रसिद्ध आहे. ‘मिलिटरी’ हे बिरूद त्याच्या नावाला कायमचे जडले आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले. सेहेचाळीस म्हणजे फुटबॉलचे चार संघ आणि वर दोन माणसे! हॅरी वॉटी कोणत्या जागेवर खेळत असे हे आपण आज सांगू शकतो. त्या सेहेचाळिसांपैकी कोण कुस्तीत तरबेज होता, कोण भजनात पखवाज धरीत असे, हे दगड सांगत नाही. गावाला ते ठाऊक होते. गावाची आठवण तोंडी असते, आणि ती दोन पिढ्यांपलीकडे गेली की विरत जाते.

सोमची लढाई सुरू होण्याच्या दोन महिने आधी, २९ एप्रिल १९१६ रोजी, इराकमध्ये कूत-अल-अमारा येथे वेढ्यात उपाशी पडलेल्या फौजेने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली. त्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. लढताना मेलेले होते, वेढ्यात भुकेने मेलेले होते, आणि शरणागतीनंतर वाळवंटातून चालविताना मेलेले होते. मेसोपोटेमियातील मृतांचे स्मारक बसऱ्याला १९२९ साली झाले. तेथे ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली, हिंदी अंमलदारांची कोरली. साध्या हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटण आणि संख्या एवढेच दिले. युद्धस्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाने २०२१ च्या एप्रिलमध्ये आपल्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध करून हा भेदभाव कबूल केला आणि क्षमा मागितली. मरणात सर्वांना समान वागविण्याचे आश्वासन हेच ज्या संस्थेचे मूळ ब्रीद, तिला ही कबुली द्यायला शंभर वर्षे लागली.

तुलना एवढ्यासाठीच केली. एडिंबरोच्या मुलांना नावे मिळाली ती आपोआप मिळाली असे नव्हे. त्यांच्यामागे एक संस्था होती, तिची हजेरीपटे होती, शनिवारचे वर्तमानपत्र होते, आणि मुख्य म्हणजे त्यांना नावाने हाका मारणारी हजारोंची गर्दी होती. ज्या गर्दीने त्यांना भेकड म्हटले जाताना ऐकले तीच गर्दी ९ एप्रिल १९२२ रोजी हेमार्केटच्या चौकात हजारोंनी उभी होती, तेव्हा स्कॉटलंडचे मंत्री रॉबर्ट मन्रो यांच्या हस्ते घड्याळाच्या स्तंभाचे अनावरण झाले. स्तंभ हेन्री गॅमली या एडिंबरोच्या शिल्पकाराचा. मॅकार्टनींनी युद्धकाळात आघाडीवरच्या आपल्या मुलांना चेंडू आणि सामानाच्या पेट्या धाडल्या होत्या, आणि १९१८ साली क्लबाच्या युद्धातील कामगिरीवर एक पुस्तिकाही लिहिली होती. पुढे दुसऱ्या महायुद्धातील मृतांचे स्मरणही याच स्तंभावर आले. दर नोव्हेंबरात, स्मरणाच्या रविवारी, क्लबाचे खेळाडू आणि पाठीराखे तेथे जमतात.

स्मरण मात्र सरळ रेषेत चालत नाही. काँतालमेझाँला पलटणीचे एक स्मारक व्हावे, असा विचार १९१९ मध्येच निघाला होता. पैसा नव्हता, माणसे थकली होती, मग दुसरे युद्ध आले आणि तो विचार कागदावर राहिला. मॅक्रे १९२८ साली गेले. त्यांच्या मागोमाग एकेक जुना शिपाई जात राहिला आणि पलटणीची कथा क्लबाच्या कथेत विरघळून गेली. पाचशे पाठीराखे आणि पंचाहत्तर क्लब मागे पडले, खेळाडू तेवढे राहिले. जॅक अलेक्झांडर यांनी कुटुंबांकडून पत्रे, छायाचित्रे आणि आठवणी गोळा करण्यात पुष्कळ वर्षे घालविली. त्यांचे पुस्तक २००३ मध्ये आले, आणि पाठोपाठ नोव्हेंबर २००४ मध्ये काँतालमेझाँच्या चर्चजवळ स्कॉटलंडहून नेलेल्या दगडांचा, स्कॉटिश गवंड्यांनी रचलेला एक उंचवटा उभा राहिला. पंच्याऐंशी वर्षांपूर्वीचा ठराव असा अमलात आला. त्याला पैसा पुरविणाऱ्यांत क्लबांचे पाठीराखे होते. दर १ जुलैला त्या लहानशा फ्रेंच खेड्यात एडिंबरोहून माणसे येतात आणि गावकरीही त्यांच्याबरोबर उभे राहतात.

इकडे हेमार्केटचे घड्याळ २००९ साली ट्रामच्या रुळांना जागा करून देण्यासाठी उतरविण्यात आले. दगड सुटे करून ठेवले गेले. ट्रामचे काम रेंगाळले, खर्च वाढला, शहरात त्यावरून मोठे वादंग झाले, आणि चार वर्षे चौकात ती जागा मोकळीच होती. स्मरणाचा कार्यक्रम त्या काळात दुसरीकडे होई. २०१३ मध्ये स्तंभ परत उभारला गेला. जुन्या जागेपासून तो थोडा सरकला आहे. सामन्याच्या शनिवारी गॉर्गीकडे निघालेली मंडळी आता त्याला किंचित वळसा घालून जातात आणि सामना सुरू व्हायला किती अवकाश आहे ते त्याच्यावर पाहून घेतात.